फादर डेमियन कोणाशी भांडले?

अमेरिकेच्या संसदभवनात प्रत्येक राज्याचे दोन पुतळे असतात. हवाईने पाठवलेल्या दोघांपैकी एक राजा कामेहामेहा पहिला आणि दुसरा फादर डेमियन, बेल्जियममधून आलेला एक शेतकऱ्याचा मुलगा. पुतळा चौकोनी, ठोकळ्यासारखा; चेहरा कुष्ठरोगाने सुजलेला, एक हात झोळीत. २०२० च्या जुलैमध्ये प्रतिनिधी अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ यांनी याच पुतळ्याचं छायाचित्र दाखवून विचारलं, की वसाहत झालेल्या भूमीची गोष्ट सांगायलाही बाहेरून आलेली माणसंच का निवडली जातात? राणी लिलिउओकलानी का नाही? कॅथलिक मंडळी खवळली. ज्या माणसाने सोळा वर्षं कुष्ठरुग्णांत काढली आणि शेवटी त्याच रोगाने प्राण सोडला, त्याला गोऱ्या वर्चस्वाचं प्रतीक म्हणता? मग एकीकडून संतपणाचे दाखले, दुसरीकडून वसाहतवादाचे. चार दिवस धुरळा उडाला आणि खाली बसला. ज्या मोलोकाई बेटावर डेमियन गेले तिथे शतकभरात धाडलेल्या आठेक हजार रुग्णांबद्दल या चार दिवसांत जवळपास कोणी काही बोललं नाही.

हा वाद आपल्याला परका नाही. मिशनरी म्हटलं की आपल्याकडे दोनच ठरलेली वाक्यं निघतात. ‘सेवा कसली, धर्मांतराचा गळ तो’, किंवा ‘त्यांनी केलं तेवढं तुम्ही करून दाखवा’. पहिलं वाक्य सेवकाच्या मनात शिरू पाहतं, दुसरं समोरच्याचं तोंड बंद करू पाहतं. दोन्हींत सेवा घेणारा माणूस हा निव्वळ पुरावा म्हणून उभा असतो. माझं म्हणणं असं, की हेतूची चौकशी सोडून द्यावी. माणसाच्या मनात काय होतं हे त्याच्या सोबत राहणाऱ्यालाही धड कळत नाही, दीडशे वर्षांनी आपल्याला काय कळणार? पाहायचंच तर हे पाहावं, की सेवकाचा रोजचा दिवस कशात जात होता आणि वेळ आली तेव्हा तो कोणाच्या बाजूने कोणाशी भांडला. या कसोटीवर डेमियन त्यांच्या भक्तांना वाटतात त्यापेक्षा वेगळे आणि टीकाकारांना वाटतात त्यापेक्षा मोठे ठरतात. एका ठिकाणी मात्र ते या कसोटीला उतरत नाहीत, तेही सांगितलं पाहिजे.

आधी जागा समजून घेऊ. मोलोकाई बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर समुद्रात घुसलेला जमिनीचा एक सपाट तुकडा आहे. तीन बाजूंनी खवळलेला पॅसिफिक, चौथ्या बाजूला दोन-तीन हजार फुटांचे सरळसोट कडे. तुरुंगाच्या भिंती बांधायची गरजच नव्हती. १८६५ मध्ये हवाईच्या राज्याने कुष्ठरोगाचा फैलाव रोखणारा कायदा केला आणि ६ जानेवारी १८६६ रोजी पहिली बारा माणसं तिथल्या कालावाओ गावात उतरवली. सही राजाची होती, पण आरोग्य मंडळात वजन होतं ते गोऱ्या सल्लागारांचं. धाडलेल्यांत मूळ हवाईयन माणसंच नव्वद टक्क्यांच्या वर. कॅप्टन कुक आल्यानंतरच्या शंभरेक वर्षांत बाहेरून आलेल्या साथींनी हा समाज इतका झडला होता, की १८७२ च्या जनगणनेत सगळ्या बेटांची मिळून लोकसंख्या जेमतेम ५७ हजार भरली. सरकारची कल्पना अशी, की रोगी आपली शेती आपण करतील, आपलं आपण भागवतील. बोटं झडलेल्या माणसाने कुदळ कशी धरायची याचा विचार कचेरीत कोणी केला नसावा. शिवाय ती जमीन रिकामी नव्हती. शतकानुशतकं तिथे रताळी पिकवणारी, मासेमारी करणारी कुटुंबं होती. त्यांना टप्प्याटप्प्याने हलवलं, शेवटची १८९५ मध्ये गेली. त्यांचा पुतळा कोणी मागत नाही.

डेमियन १० मे १८७३ रोजी आले. खरं तर चार धर्मगुरूंनी तीन-तीन महिन्यांच्या पाळीने यायचं ठरलं होतं. हे आले ते राहिलेच. पहिल्या रात्री एका केवड्याच्या जातीच्या झाडाखाली झोपले. त्यांच्या दिवसात प्रार्थना होती, पण प्रार्थनेपेक्षा सुतारकाम जास्त होतं. लाकूड कापायचं, झोपड्या उभारायच्या, शवपेट्या ठोकायच्या, खड्डे खणायचे. जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या. वास सोसवेना म्हणून तोंडात तंबाखूचा पाइप. जेवण म्हणजे अळूच्या कंदाचं आंबवलेलं पोई, तेही सगळ्यांच्या हातांनी एकाच भांड्यातून. युरोपातून आलेल्या किती जणांनी ते केलं असतं? पाणी लांबच्या ओढ्यातून डबे भरून आणावं लागे, आणि ज्यांच्या जखमा धुवायला ते सगळ्यात जास्त हवं त्यांनाच ते वाहता येत नसे. १८७४ च्या वादळाने गवती झोपड्या उडवल्या तेव्हा डेमियननी लाकडासाठी आरोग्य मंडळाच्या मागे लकडा लावला. नळ हवा, लाकूड हवं, दूध हवं, कपडे हवेत, राहता डॉक्टर हवा, शुश्रूषेला जोगिणी हव्यात. होनोलुलूच्या कागदपत्रांत हा माणूस संत म्हणून नाही, कटकट म्हणून आहे.

मला हीच गोष्ट मोलाची वाटते. १८८६ च्या सुमाराला लंडनच्या एका अँग्लिकन पाद्रीने हजारेक पौंड जमवून थेट डेमियनना पाठवले. हवाईचे पंतप्रधान आणि आरोग्य मंडळाचे प्रमुख वॉल्टर मरे गिब्सन रागावले, कारण परदेशातून भीक येते म्हणजे सरकार रोग्यांना उपाशी ठेवतं असा अर्थ निघत होता. डेमियनचे स्वतःचे वरिष्ठही रागावले. एका प्रॉटेस्टंटाच्या पैशाने आपल्या माणसाचं नाव जगभर व्हावं हे त्यांना रुचलं नाही. सरकारला नको, आपल्या पंथाच्या पुढाऱ्यांनाही नको. साम्राज्याचा एजंट सहसा असा दोन्हीकडून शिव्या खात नाही. ते गेल्यावर होनोलुलूचे एक प्रतिष्ठित प्रॉटेस्टंट पाद्री डॉ. हाइड यांनी एका पत्रात त्यांना असंस्कृत, घाणेरडा, हेकेखोर म्हटलं. कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन डेमियनच्या मृत्यूनंतर महिन्याभराने कालावाओजवळच्या, त्याच वस्तीतल्या कालाउपापाला जाऊन आठवडाभर राहून आले होते. त्यांनी १८९० मध्ये हाइडना उघडं पत्र लिहून झोडपलं. गंमत म्हणजे स्टीव्हन्सननी हेकेखोरपणा नाकारला नाही. हेकेखोर होता म्हणूनच टिकला, असा त्यांचा रोख होता.

आता विरोधकांचे मुद्दे. ते पोकळ नाहीत. डेमियन धर्मांतरासाठीच हवाईला आले होते आणि त्यांनी ते कधी लपवलं नाही. हवाईचा पारंपरिक हुला नाच त्यांना पाप वाटे. दारूचे अड्डे ते काठी घेऊन उधळत. लोकांनी लग्नं करावीत, चर्चमध्ये यावं, आपल्याला बाप मानावं, अशी त्यांची वृत्ती होती, आणि ‘बाप’पणात प्रौढ माणसाला लेकरू करून ठेवण्याचा दोष असतोच. मिशनरी हा प्रकारच हवाईच्या राजकारणात निर्मळ नव्हता. १८२० मध्ये बोस्टनहून आलेल्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांच्या मुला-नातवांनीच पुढे जमिनी नि साखरेचे मळे सांभाळले आणि १८९३ मध्ये लिलिउओकलानींना सिंहासनावरून खाली खेचलं. नव्या सरकारचा अध्यक्ष सॅनफर्ड डोल हा मिशनऱ्याचाच मुलगा. तेव्हा हवाईयन माणसाने ‘मिशनरी’ या शब्दाला दचकावं यात काही चूक नाही.

एक मुद्दा तर मला या सगळ्यांहून जड वाटतो. अँब्रोज हचिसन हा तरुण रुग्ण १८७९ मध्ये तिथे पोचला. पुढे तो वस्तीचा अधीक्षक झाला आणि पन्नासहून अधिक वर्षं तिथेच राहिला. आल्या आल्या त्याने काय पाहिलं ते त्याच्या आठवणींत आहे. एक माणूस हातगाडीवर चिंध्यांचं गाठोडं घेऊन चालला होता. एका खिडकी नसलेल्या खोपट्याच्या दाराशी त्याने गाडी कलती करून हलवली. गाठोडं आत घरंगळलं आणि कण्हलं. मरायला टेकलेल्यांची ती खोली. डेमियन येऊन तेव्हा जवळजवळ सहा वर्षं झाली होती. एकट्या माणसाच्या त्यागाने व्यवस्था बदलत नाही, उलट त्या त्यागाच्या कथेमुळे व्यवस्थेचं फावतं, हा आक्षेप घेणाऱ्याने हचिसनची ती हातगाडी पुढे करावी. तिला सहज उत्तर नाही.

तरी धर्मांतराचा मुद्दा जसा मांडला जातो तसा तो टिकत नाही. गळ, आमिष, लालूच या शब्दांत एक गृहीत दडलेलं असतं: की समोरचा रोगी कोरी पाटी आहे, भाकरी दाखवाल तिकडे वळेल. कालावाओची माणसं कोरी पाटी नव्हती. डेमियन यायच्या सात वर्षं आधी, पहिल्याच वर्षी, तिथे आलेल्या ३५ रुग्णांनी आपली आपण ‘सिलोआमा’ ही प्रॉटेस्टंट मंडळी स्थापन केली होती. कोणीही पाद्री मुक्कामाला नव्हता. मॉर्मन या अमेरिकेत निघालेल्या ख्रिस्ती पंथाचे लोक होते, जुन्या देवतांना मानणारे होते, कशालाच न मानणारेही होते. ज्यांनी आयुष्यभराची सक्ती अंगावर घेऊनही आपली उपासना आपण उभी केली, ते एका वाटी दुधासाठी धर्म विकत होते असं म्हणणं हा मिशनऱ्यावरचा आरोप राहत नाही, रुग्णांचा अपमान होतो.

मॉर्मनांचंच घ्या. त्यांचा पुढारी जोनाथन नापेला हवाईयन, शिकलेला, न्यायाधीश राहिलेला. पत्नी किटीला कुष्ठरोग झाला तेव्हा १८७३ मध्ये तोही तिच्याबरोबर आला. त्याला रोग नव्हता. अशा सोबत आलेल्या निरोगी नातेवाइकांना तिथे कोकुआ म्हणत. नवऱ्यामागून बायको, बायकोमागून नवरा, मुलामागून आई. खरी शुश्रूषा चोवीस तास करणारे हेच लोक. पण सरकारच्या हिशेबात ते नव्हतेच. शिधा रोग्याचा, कोकुआने आपलं पाहावं. नापेलाला वस्तीचा अधीक्षक नेमलं होतं. त्याने कोकुआंनाही शिधा वाटला आणि त्याची नोकरी गेली. पत्नीजवळ राहू द्यावं म्हणून त्याला आरोग्य मंडळाकडे विनवण्या कराव्या लागल्या. राहिला, रोग जडला, १८७९ मध्ये गेला. डेमियनच्या आणि त्याच्या देवघरात भिंत होती, कामात नव्हती. माझ्या कसोटीवर नापेला डेमियनच्या खांद्याला खांदा लावून उभा आहे. तो स्थानिक आहे, मिशनरीही आहे आणि सत्तेशी भांडून नोकरी गमावलेलाही आहे. ‘गोरा तारणहार विरुद्ध बिचारे स्थानिक’ या मांडणीत त्याला कुठे बसवणार? दोन्ही पक्षांनी त्याला वगळलं आहे, कारण तो कोणाच्याच सोयीचा नाही.

मदर मारिआन कोप यांची गोष्ट आणखी वेगळी. राजा कालाकौआच्या वतीने पन्नासहून अधिक मठांना पत्रं गेली. होकार आला तो न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूजच्या फ्रान्सिस्कन जोगिणींचा. १८८३ मध्ये त्या सहा सोबतिणींसह होनोलुलूला उतरल्या आणि १८८८ मध्ये कालाउपापाला गेल्या. त्यांनी आधी रुग्णालय चालवलं होतं, त्यामुळे डेमियनकडे नव्हती ती शिस्त त्यांच्याकडे होती: प्रत्येक पट्टीनंतर हात धुणे, जेवणाची भांडी वेगळी. त्यांच्यातल्या एकीलाही रोग झाला नाही. मुलींच्या वसतिगृहात त्यांनी झाडं लावली, मुलींसाठी झगे शिवले, आणि ते सरकारी गोणपाटासारखे नव्हते. विद्रूप होत चाललेल्या मुलीला नीट शिवलेला झगा हवा, हे ओळखायला भूतदया पुरत नाही, नजर लागते. मदर मारिआन भांडखोर नव्हत्या. त्या मागत आणि मिळवत. भांडणाची माझी कसोटी त्यांना पुरेशी लागू पडत नाही हे कबूल. पण तीस वर्षं, १९१८ मध्ये मरेपर्यंत, त्या तिथून हलल्या नाहीत, आणि जगाला डेमियनच आठवतात. हुतात्मा होणाऱ्यापेक्षा हात धुणारी बाई गोष्टीला कमी रंगतदार असते, दुसरं काय!

आता डेमियन जिथे कसोटीला उतरत नाहीत ते ठिकाण. त्यांनी कैदेच्या आतली परिस्थिती सुधारण्यासाठी सगळं केलं, पण कैदेलाच हात घातला नाही. रोग्यांना घरच्यांपासून तोडलंच पाहिजे हे तत्त्व त्यांनी मानलं. यावर नेहमीचं उत्तर असं, की त्या काळी कोणाला काय कळत होतं? उत्तर अर्धंच खरं आहे. हॅनसेननी नॉर्वेत कुष्ठरोगाचा जंतू शोधला ते साल १८७३, म्हणजे डेमियन आले तेच. भीतीला शास्त्राचा आधार तेव्हा नुकता मिळत होता. पण पुढचा धागा थेट आपल्याकडे येतो. डेमियनच्या मृत्यूने इंग्लंड हादरलं, निधी उभा राहिला आणि त्यातून १८९०-९१ मध्ये एक कुष्ठरोग आयोग हिंदुस्थानात फिरला. त्याचा निष्कर्ष होता, की संसर्गाने हा रोग पसरण्याचं प्रमाण अगदी कमी आहे आणि सक्तीने वेगळं ठेवायचं कारण नाही. म्हणजे डेमियनच्या मरणाने सुरू झालेल्या चौकशीनेच कालावाओचा पाया उखडला. ऐकलं मात्र कोणी नाही. इकडे १८९८ मध्ये लेपर्स अ‍ॅक्ट आला, रस्त्यावरच्या निर्धन रोग्याला वॉरंटशिवाय पकडण्याची मुभा देणारा. ज्याच्याकडे घर आणि पैसा त्याचा रोग कायद्याला दिसत नसे. तो कायदा २०१६ पर्यंत पुस्तकात होता. कालाउपापात तर १९४६ मध्ये गुणकारी औषधं पोचली आणि अलगीकरणाचा कायदा १९६९ मध्ये गेला. मधली तेवीस वर्षं कुठल्या शास्त्रावर चालली? डेमियनचा पुतळा वॉशिंग्टनला बसवला तेही १९६९ मध्येच.

शास्त्राच्या नावाने आणखीही काही झालं. १८८४ मध्ये डॉ. आर्निंग यांनी फाशीची शिक्षा झालेल्या केआनू नावाच्या हवाईयन कैद्याच्या शरीरात कुष्ठरोग टोचला. बदल्यात फाशी टळली. काही वर्षांत त्याला रोग झाला, मोलोकाईला पाठवलं, तिथेच मेला. (बाबा आमट्यांनी कलकत्त्यात आपलं शरीर याच प्रयोगासाठी पुढे केलं होतं. सुई तीच असेल. एकाच्या डोक्यावर मात्र फास होता.) पाद्र्याच्या हेतूवर तासभर बोलणारे या डॉक्टरच्या हेतूबद्दल एक शब्द बोलत नाहीत, हे मला नेहमी विचित्र वाटतं.

ही कसोटी मी हवाईसाठी खास घडवलेली नाही. पंडिता रमाबाईंकडे पाहा. १८९३ मध्ये ‘केसरी’ने शारदा सदनावर धर्मांतराचा ठपका ठेवला आणि पालकांनी मुली काढून नेल्या. आक्षेपात तथ्य नव्हतं असं नाही. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसत होत्या. पण १८९७ मध्ये पुण्यात प्लेगचा बंदोबस्त सुरू झाला, तेव्हा प्लेगच्या दवाखान्यात आणि छावणीत बायकांची काय दशा होते हे ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीर पत्र लिहून सरकारला विचारणारी बाई तीच होती. ज्यांना ती साहेबाच्या धर्माची दलाल वाटत होती, त्यांच्याच लेकीबाळींसाठी ती साहेबाशी भांडत होती. हेतूच्या तराजूत हे पत्र कुठे टाकणार?

आता राहिले ते लोक, ज्यांना दोन्ही पक्ष मुकं समजतात. अमेरिकेत विलीन व्हायला विरोध करणारी अर्जी १८९७ मध्ये हवाईभर फिरली, एकवीस हजारांवर सह्या झाल्या. त्यांत कालाउपापातून आलेल्या शेकडो सह्या आहेत. ज्यांना बेटाच्या त्या तुकड्याबाहेर पाऊल टाकायची परवानगी नव्हती, ते आपल्या देशाच्या स्वातंत्र्याबद्दल मत नोंदवत होते. ज्या लिलिउओकलानींचा पुतळा हवा असं म्हणतात, त्या १८८१ मध्ये राजप्रतिनिधी म्हणून स्वतः तिथे गेल्या होत्या आणि परतल्यावर त्यांच्या दरबाराने डेमियनना राजसन्मान दिला. राणी की पाद्री हे भांडण त्या दोघांचं कधी नव्हतंच.

शतकभराने पुन्हा तेच लोक. ओआहू बेटावर पर्ल सिटीत रुग्णांसाठी हाले मोहालू नावाचं केंद्र होतं. राज्य सरकारने १९७८ मध्ये ते बंद करायचं ठरवलं. लहानपणी घरातून उचलून कालाउपापाला धाडलेले बर्नार्ड पुनिकाइआ आणि त्यांचे काही सोबती हलायला तयार झाले नाहीत. सरकारने वीज तोडली, पाणी तोडलं. ते पाच वर्षं तिथेच राहिले. १९८३ मध्ये पोलिसांनी त्यांना उचललं आणि इमारतींवर बुलडोझर चालवला. संसदभवनात तेव्हा डेमियनच्या पुतळ्याला चौदा वर्षं झाली होती. हवाईचं सरकार त्याला दरवर्षी हार घालत होतं की नाही मला ठाऊक नाही. पण डेमियन जे पाणी मागत होते, ते तोडणारं सरकार हवाईचंच होतं.